चेंडू पडण्याआधी

“बाहेर,” कानाला लावलेल्या फोनवर दादा म्हणाला तेव्हा चेंडू अजून हवेत होता. डोळे तपासायच्या खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर तो पिवळा ठिपका जाळीवरून निघून तांबड्या मातीकडे झुकत होता, आणि शिंपी, त्यांचा आवडता खेळाडू, आपले लांब पाय पसरून त्याच्यामागे घसरत चालला होता. मग चेंडू पडला. पंच उंच खुर्चीवरून उतरला, वाकला, मातीतली खूण बघितली आणि बोट वर केलं. बाहेर. तिनं नेहमीप्रमाणे “मान्य” म्हणायला हवं होतं. तेवीस वर्षं हा नेम चालत आला होता. वर्षातून एकदा, या मातीवरच्या टेनिस स्पर्धेचे दोन आठवडे, बहीणभाऊ आपापल्या जागी बसून फोन कानाला लावत आणि पंच खुर्चीतून उतरला की त्याचा निकाल यायच्या आत दोघांनी सांगायचं, आत की बाहेर. इतर स्पर्धांत यंत्रं निकाल देतात. इथं माती देते, म्हणून हीच स्पर्धा. पण नेम खुर्चीतून पंच उतरल्यावर बोलायचा होता. चेंडू पडायच्या आधी नव्हे. “पंचबाई, झोप लागली का?” दादा म्हणाला. तो तिला लहानपणापासून पंचबाईच म्हणे. “मान्य, मान्य,” ती म्हणाली, आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर काच सरकवत विचारू लागली, “आता स्पष्ट, की आधी?” गिऱ्हाईक म्हणालं, “पुन्हा दाखवा.” तिनं पुन्हा दाखवलं. 

दादाच्या घरचं चित्र आपल्याहून पुढे असेल, तिनं स्वतःला सांगितलं. आपला संगणक जुना आहे, तारेतून यायला वेळ लागत असेल. ही समजूत तिनं दुपारभर चघळली. पण चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं माणसांचे डोळे तपासून तिला एक वाईट खोड जडली होती: माणूस काय म्हणतो यापेक्षा तो किती वेळानं म्हणतो हे ती ऐके. दिसणारा माणूस अक्षर वाचतो. न दिसणारा ते आठवतो. आठवण्याची लय वेगळी असते. आणि दादाच्या या वर्षीच्या बोलण्यात काय नव्हतं ते तिला एकेक करून आठवायला लागलं. दर वर्षी तो खेळाडूंच्या कपड्यांवर तुटून पडायचा. “हा बघ, घरचे पडदे शिवून आलाय.” “त्या हातोड्याची टोपी बघ, डोक्यावर भांडं पालथं घातल्यासारखी.” शिंपी, हातोडा ही नावंसुद्धा त्यानंच पाडलेली, शिंपी म्हणजे त्यांचा लाडका, टाके घालावेत तसा एकेक गुण जुळवणारा, आणि हातोडा म्हणजे तो दुसरा, दणादण ठोकणारा. या वर्षी दहा दिवस झाले, कपड्यांवर एक शब्द नाही. फक्त गुण, गेम, आत, बाहेर. आणि एकदाही चूक नाही. पूर्वी दहांत दोनदा तरी तो चुकायचा आणि मग पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. या वर्षी तो देवासारखा अचूक होता, आणि ते अचूकपणच आता तिच्या अंगावर काट्यासारखं उभं राहिलं.

गुरुवारी ती दुकानाबाहेर पडली तेव्हा शेजारचा घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात नाक खुपसून बसला होता. त्याच्या टेबलावर रेडिओ होता आणि रेडिओवर तिच्या मोबाइलवर चालू होती तीच मॅच. निवेदक एकाएकी ओरडला, “आणि चेंडू जाळीत!” तिनं हातातल्या मोबाइलकडे बघितलं. तिच्या मोबाइलवर खेळाडू अजून चेंडू जमिनीवर टप टप आपटत सर्व्हिसची तयारी करत होता. तिनं मनात आकडे मोजले. सात, आठ, नऊ. चेंडू जाळीत गेला. “तुमचं चित्र शिळं आहे हो, बाई,” घड्याळवाला भिंग न काढता हसला. “माझं ताजं. आवाज आधी येतो, चित्र मागून. मी तर बायकोशी पैज मारतो याच्यावर. ती टीव्ही बघते, मी इथून फोन करून सांगतो पुढे काय होणार. तिला वाटतं नवरा ज्योतिषी आहे.” ती हसली. 

तर दादा बघत नव्हता. दादा ऐकत होता. टीव्ही समोर ठेवून कुणी रेडिओ कशाला ऐकेल, याचं उत्तर तिच्या धंद्याला माहीत होतं आणि ते तिनं त्या फुटपाथवर उभ्या उभ्या स्वतःपाशी उच्चारलं नाही. त्याऐवजी तिला वडील आठवले. वडील एका क्लबाच्या टेनिसच्या मैदानाची माती सांभाळत. पहाटे पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, रुंद कुंचा ओढत आडवं-उभं फिरायचं, पट्ट्यांवरची धूळ झाडायची. कुंचा ओढताना देवाच्या कसल्याशा पदाची एकच ओळ त्यांच्या तोंडात असायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत तीच, परत येताना पुन्हा तीच, जणू ती ओळच माती सारखी करतेय. सभासदांचा वाद झाला की ते वडिलांना हाक मारत. कोट घातलेली, गाडीतून येणारी माणसं बाजूला उभी राहत आणि मातीनं रंगलेल्या पायांचा हा माणूस गुडघ्यावर बसून खूण वाचे. “खूण आणि पट्टी यांच्यामध्ये माती दिसली तर बाहेर. नाही दिसली तर आत. यात माझं काही नाही, मातीनं लिहिलंय ते मी वाचतो.” दोन्ही मुलं कुंपणाच्या जाळीला नाक लावून बघत, आणि दादा तिथून, मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाची खूण सांगे. वडील वाकायच्या आत सांगे. वडील त्याच्याकडे बघत आणि मान हलवत. लहानपणी ती डोळे मिटून पुटपुटे, “देवा, चेंडू आत पडू दे,” आणि वडील म्हणत, “पोरी, देवाला चेंडूच्या भानगडीत ओढू नकोस. त्याला बाकीची कामं आहेत.” दादाच्या त्या नजरेचा घरात लौकिकच झाला. एवढी नजर आहे तर वर जा, असं कुणीतरी म्हणालं आणि तो वरच गेला. आता तो बांधकामावर उंच क्रेन चालवतो. जमिनीपासून वीस मजले वर, काचेच्या पिंजऱ्यात एकटा.

आणि तो वर जातो तो तिच्या सहीवर.

हे तिला रात्री अंथरुणात आठवलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ते तिला तिथंच, घड्याळवाल्याच्या टेबलापाशी आठवलं आणि ती परत दुकानात गेली, खुर्चीत बसली, उठली, खालचा खण उघडला. क्रेनवाल्यांना दर वर्षी डोळ्यांचा दाखला द्यावा लागतो. आठ महिन्यांपूर्वी दादा आला होता. बाकावर बसून राहिला, आधीच्या गिऱ्हाइकाची तपासणी होईपर्यंत. ते गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मास्तर, खणखणीत आवाजाचे, एकेक अक्षर वर्गाला सांगावं तसं उच्चारत होते, आणि खोलीचं दार उघडं होतं. मग दादा खुर्चीत बसला. तिनं तोच तक्ता लावला. त्यानं सगळ्या ओळी घडाघड म्हणून दाखवल्या, शेवटचीसुद्धा, आणि वर म्हणाला, “खाली छापखान्याचं नावपण सांगू का?” ती हसली होती. दुसरा तक्ता लावायला हवा होता. अक्षरं उलटीकडून वाचायला लावायला हवी होती. एकेक डोळा झाकून, सावकाश, परक्या माणसाचा तपासते तसा. पण दादाच तो. तिनं सही केली, शिक्का मारला, आणि दोघं चहा प्यायला गेले. आता खणातली दाखल्याची प्रत तिच्या हातात होती. सहीखाली तिनं सवयीनं ओढलेली रेघ होती, ठाम, वळणदार. ती रेघ बघून तिला तिऱ्हाइताची वाटली.

शुक्रवारी सेमीफायनल होती. ती न कळवता दादाच्या घरी गेली. वहिनीनं दार उघडलं आणि तोंडभर हसली. “या पंचबाई! आज प्रत्यक्ष? फोनचं बिल वाढलं वाटतं!” टीव्ही चालू होता, आवाज बंद. “हिचं डोकं दुखतं आवाजानं,” दादा खुर्चीतून म्हणाला. वहिनीनं त्याच्याकडे वळून बघितलं आणि ती आत गेली. दादाच्या डाव्या कानात कापूस होता. “कान ठणकतोय,” त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं. कापसाखालून एक काळी तार सदऱ्याच्या कॉलरीत शिरत होती. ती त्याच्याशेजारी बसली. त्याचं तोंड टीव्हीकडे होतं, पण नजर टीव्हीवर नव्हती. टीव्हीच्या बाजूला भिंतीवर एक दिनदर्शिका होती, तिच्यावर स्थिर होती.  दृष्टीचा मधला भाग गेलेल्या माणसांना ती दुकानात स्वतः शिकवते: सरळ बघू नका, जरा बाजूला बघा, म्हणजे कडेनं दिसेल. कितीतरी जणांना महिनोन्‌महिने जमत नाही. दादा एकटा शिकला होता. कुणी न शिकवता, कुणाला न सांगता, या घरात, या खुर्चीत. त्यानं तिच्यासाठी तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं तेव्हा पेल्याच्या काठावरून आत एक बोट सोडलं होतं, पाणी बोटाला लागेपर्यंत. किती सफाईनं. ती ते पाणी प्यायली. मॅच बघितली, “आत”, “बाहेर” केलं, दादा एकदाही चुकला नाही आणि ती दर वेळी “मान्य” म्हणत होती. शिंपी जिंकला. फायनलला गेला. दादानं टाळी दिली आणि त्याचा हात तिच्या तळव्याऐवजी मनगटावर पडला. दोघंही हसली. निघताना तिला दारापर्यंत पोचवायला वहिनी आली आणि चपला घालणाऱ्या तिच्याकडे बघत उभी राहिली. “काय ग वहिनी?” “काही नाही. रविवारी ये. फायनल एकत्र बघू.” एवढंच. पण म्हणताना वहिनीनं तिचा दंड असा धरला होता की घरी गेल्यावरही तिथं चार बोटं जाणवत राहिली.

रविवार परवा होता. मधे शनिवार होता, आणि शनिवारी दादाची सकाळची पाळी होती. शुक्रवारी संध्याकाळीच फोन करता आला असता. बांधकामाच्या ऑफिसात, किंवा दादालाच. तिनं नंबर काढला आणि ठेवला. फायनल होऊ दे, तिनं ठरवलं; मग स्वतःला विचारलं, फायनलचा याच्याशी काय संबंध? काहीच नाही. पण तेवीस वर्षं. या वर्षी शिंपी कदाचित शेवटचं खेळतोय. एवढा एक दिवस. आठ महिने काही झालं नाही, एका दिवसात काय होतंय? असं मनाशी म्हणणाऱ्या माणसाचे ती दुकानात कान उपटते. ‘आणखी एक महिना बघू’ म्हणत डोळा घालवून आलेली माणसं तिनं काय थोडी बघितली होती? आणि आता तीच, देवा, तीच हे म्हणत होती.

दुकानाच्या दारातून, समोरच्या घरांच्या छपरांवरून क्रेन दिसे. आजवर ती तिच्याकडे कौतुकानं बघायची, गिऱ्हाइकांना सांगायची, “त्या वर बसलाय ना, तो माझा भाऊ.” शनिवारी तिनं दुकान उघडलं आणि तिची मान त्या दिशेला अडकून बसली. क्रेनचा लांब हात सावकाश फिरे. त्याच्या टोकाखाली तार, तारेला हूक, हुकाला लोखंडी सळ्यांचा भारा. भारा हवेत लोंबत एका छपरावरून दुसऱ्या छपरावर जाई आणि मग खाली, इमारतींच्या मागे, दिसेनासा होई.  कान टवकारून ती वाट बघे. कसली? आवाजाची. ओरड्याची. मग तार पुन्हा वर येई, रिकामा हूक डोलत, आणि ती श्वास सोडे. “आता स्पष्ट, की आधी?” “बाई, तुम्ही तीच काच दोनदा लावलीत,” समोरची म्हातारी म्हणाली. “तीच का? हो, तीच.” “तब्येत बरी नाही का?” “बरी आहे, आजी.” पुन्हा हात फिरला. पुन्हा भारा. देवा, हा एवढा नीट उतरू दे. उतरला. आता हा. हाही उतरला. दहा वाजेपर्यंत तिनं देवाकडे इतक्या वेळा पदर पसरला की तिचीच तिला लाज वाटायला लागली. तिला वडिलांचं बोलणं आठवलं, देवाला बाकीची कामं आहेत, आणि वाटलं, यातलं देवाचं काम कोणतं आहे? शिडी त्यानं चढायला सांगितली? दाखला त्यानं दिला? माझी एक सही मागे घ्यायला मी देवाला का राबवतेय? तरी ती उठली नाही. हे नीट सांगायला हवं: ती उठली नाही. म्हातारीला चष्म्याचा नंबर लिहून दिला, पुढच्याला बसवलं.

अकराला मात्र राहवलं नाही. दुकानाला कडी घालून ती बांधकामापर्यंत चालत गेली, पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून आत बघत राहिली. खाली एक ठेंगणा माणूस उभा होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट, तोंडाशी वॉकीटॉकी. हाच तो, दादा ज्याला ‘खालचा’ म्हणे आणि जो दादाला ‘वरचे’ म्हणे. भारा कुठं उतरवायचा हे वरच्याला खुणेनं दाखवायचं, हे त्याचं काम. पण तो हातानं खुणा करत नव्हता. तो बोलत होता. एकसारखा, न थांबता, मान वर करून, वॉकीटॉकीवर जवळजवळ ओठ टेकवून: “या... या... अजून या... डावीकडे वीतभर... बास... आता सोडा... सोडा... हळू... हळू, वरचे... दोन हात राहिले... एक...” घामानं त्याची पाठ भिजली होती. भारा त्याच्यापासून तीन पावलांवर, चार मजूर ओणवे होऊन काम करत होते त्यांच्या अगदी शेजारी, अलगद टेकला. मजुरांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. त्यांना कशाला बघावंसं वाटेल? त्यांच्यातल्या एकीनं डोक्याचं फडकं सोडून झटकलं आणि पुन्हा बांधलं. ती बाई काहीतरी गुणगुणत होती. फटीतून बघता बघता हिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते भीतीचं की कसलं तिला कळेना. त्या बाईच्या आणि मरणाच्या मध्ये फक्त एका घामाघूम माणसाचा आवाज होता आणि बाई गुणगुणत होती.

रविवारी पर्समध्ये तिनं चौकटींचा कागद घातला, दृष्टीच्या मधला दोष दाखवणारा तो साधा कागद. दुपारी दादाच्या घरी गेली. पहिला सेट शिंप्यानं घालवला, दुसरा घेतला. दादाच्या कानात कापूस होता, टीव्ही मुका होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत येई, जाई. तिसऱ्या सेटमध्ये बाजू बदलण्याची वेळ आली. दोघं खेळाडू आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसले, पाणी प्यायले, टॉवेल डोक्यावर घेतला. पडद्यावर मैदान उरलं, रिकामं, तांबडं, उन्हात नुसतं पसरलेलं. आणि तिनं, हे करायचं असं न ठरवता, हात लांब करून दादाच्या कानातला कापूस तारेसकट काढून घेतला.

“अग, काय करतेस?”

“उतरला बघ पंच,” ती म्हणाली. “दादा, सांग लवकर. आत की बाहेर?”

दादाचं तोंड पडद्याकडे वळलं, नजर दिनदर्शिकेवर गेली. कपाळाला आठ्या पडल्या. तो जरा पुढे वाकला. एवढ्या एका क्षणात तिला वाटलं, दिसू दे याला, हसू दे, ‘मला वेड्यात काढतेस का’ म्हणू दे. तिच्या हातातल्या तारेच्या टोकातून निवेदकाचा बारीक आवाज किड्यासारखा किरकिरत होता.

“आत,” दादा म्हणाला. “पट्टीला चाटून गेलाय. आतच आहे.”

 मग स्वयंपाकघराच्या दारातून वहिनीचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. “अहो. तिथं कुणीच नाहीये.”

आयुष्यात पहिल्यांदाच ती दादाशी अशी लबाडी करून वागली होती. तिला वाटलं, तो उठून आपल्याला घराबाहेर काढेल, आणि काढलं तर बरं. तो उठला नाही. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि ते हात त्यानं उलटे केले, तळवे वर, जणू त्यांत काही होतं आणि ते सांडलं.

“सही तुझी आहे,” तो शेवटी म्हणाला.

“माझीच आहे. म्हणून तर आले.”

“पंचवीस वर्षांत माझ्या हातून एक वीट पडली नाही.”

“माहीत आहे.”

“खालचा बोलतो, मी ऐकतो. वाऱ्याचं तोंड मला कानाला कळतं. दांडा हातात आला की वजन कळतं. डोळे कशाला लागतात?”

“आणि तो शिंकला तर? त्याची बॅटरी संपली तर? दादा, तिथं चार माणसं ओणवी असतात. एक बाई असते, ती गाणं म्हणते.”

दादाची मान वर झाली. “तू आली होतीस?”

“शनिवारी.”

“शनिवारी.” तो थांबला. “तुला कधी कळलं?”

तिला खोटं बोलता आलं असतं. “बुधवारी शंका आली. गुरुवारी कळलं. शुक्रवारी बघितलं.”

“बुधवारी मी घाईनं बोलून गेलो. चेंडू पडायच्या आधी. बोललो आणि जीभ चावली. म्हटलं, संपलं, पंचबाईनं पकडलं. आता विचारेल. तू ‘मान्य’ म्हणालीस.” तो हसला, ते हसणं बघवत नव्हतं. “गुरुवारी वाट बघितली. शुक्रवारी तू घरी आलीस तेव्हा मी हिला म्हणणार होतो, चहा ठेव, आज काय ते होऊन जाऊ दे. तू पाणी पिऊन गेलीस. शनिवारी मी शिडी चढलो तेव्हा पायऱ्या मोजत होतो. दर पायरीला म्हणत होतो, देवा, आता तरी कुणीतरी मला हाक मारून खाली बोलावू दे.”

वहिनीनं पदर तोंडात धरला.   तोही खाली हाक मारत नव्हता आणि तीही वर हाक मारत नव्हती. दोघं एकाच वेळी एकाच देवाला कामाला लावून बसली होती. ती खुर्चीतून खाली उतरून जमिनीवर त्याच्या पायाशी बसली. चौकटींचा कागद पर्समधून निघालाच नाही. “मी चुकले,” ती म्हणाली. “दाखला देताना चुकले आणि शनिवारी त्याहून चुकले. उद्या सकाळी आठला मी त्यांच्या ऑफिसात जाऊन हेच लिहून देणार.”

“तुझं काम जाईल.”

“गेलं तर जाईल.”

“आणि माझं?”

“तुझं गेलंच आहे रे, दादा,” ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

पडद्यावर खेळ पुन्हा सुरू झाला होता. शिंपी चेंडू आपटत होता. कुणी बघत नव्हतं. दादानं हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला, या वेळी नेमका, आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग म्हणाला, “उद्या सकाळपर्यंत कशाला थांबायचं? सहाला पाळी आहे. फोन दे इकडे. नको, तूच लाव. मला ती बारीक अक्षरं...” आणि पहिल्यांदाच त्यानं ते वाक्य पूर्ण केलं. “मला दिसत नाहीत. खालच्याला लाव आधी. साहेबाच्या आधी त्याला कळायला हवं.”

तिनं नंबर लावला, आवाज मोठा केला, फोन त्याच्या हातात दिला. तिकडे कुणीतरी भांडी घासत होतं, एक मूल रडत होतं.

“बोला, वरचे! फायनल बघताय ना? काय म्हणतोय तुमचा शिंपी?”

“ऐक,” दादा म्हणाला. “उद्यापासून मी वर चढणार नाही. माझे डोळे गेलेत. तुला सांगायला हवं होतं. तुझ्या जिवाशी खेळलो, मला माफ कर.”

तिकडचं मूल रडायचं थांबलं, की तो माणूस फोन घेऊन बाहेर आला, कोण जाणे. 

“मला माहीत आहे, वरचे,” तो म्हणाला.

दादानं फोन तोंडाशी नेला. “काय माहीत आहे?”

“सहा-सात महिने झाले असतील. मी एकदा हात वर करून थांबा म्हटलं, तुम्ही थांबला नाहीत. तोंडानं ओरडलो तेव्हा थांबलात. त्या दिवसापासून हातानं खूण केलीच नाही मी. म्हटलं, तुम्ही मला शिकवलंत, तुमची लेक लग्नाची, निभेल तितकं निभवू. पण झोप नाही हो मला. रजा घ्यायची म्हटलं की वाटायचं, माझ्या जागी दुसरा उभा राहील, तो हातानं खुणा करेल.” तो खाकरला. “तापात आलो, पायात खिळा घुसला तेव्हा आलो. आईनं गावाकडून चार निरोप पाठवले. गेलो नाही.”

 दादाच्या न बघणाऱ्या डोळ्यांतून पाणी सरळ गालावर येत होतं आणि ते तो पुसत नव्हता.

“वरचे? आहात ना?”

“आहे.”

“मग आता मी जाऊ का आईला भेटायला?”

“जा,” दादा म्हणाला. “आजच जा. संध्याकाळची सहाची गाडी मिळेल तुला.”